न झालेल्या नाटकाचे गुरुजी

मी आज जो काही आहे, तो गणपतराव उमाटे गुरुजींमुळे. त्यांना जाऊन आता दीड महिना होईल. मी त्यांना पत्र टाकलं होतं आणि उत्तराची वाट पाहत होतो. उत्तराऐवजी त्यांचा मुलगाच आर्वीला माझ्या दारात येऊन उभा राहिला. "बाबा परवा गेले... ताप उतरलाच नाई," एवढं बोलून तो पायरीवर बसला. आमच्या गावचा कोतवाल सुखदेव तेव्हा माझ्याकडेच मुक्कामाला होता. मी मुलाला आत घेतलं आणि वळून पाहतो तो सुखदेवने भर दुपारी दाराला कडी घातली होती.

गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. रोहण्याच्या बाजूचं, एवढं पुरे. गुरुजी तिथे शाळेवर होते. एके वर्षी त्यांनी नाटक लिहिलं. विहिरीत एक सालदार गडी मेलेला सापडतो आणि फौजदार चौकशीला येतो, एवढीच गोष्ट. "गाणं नाई, मंग नाटक कायचं?" असं लोक म्हणत, पण गुरुजींना सगळं खऱ्यासारखं हवं होतं. मी नुकता मॅट्रिक झालो होतो. मला फौजदार केलं, तर मी मिशा पिळून ओरडायला लागलो. गुरुजी म्हणाले, "काऊन बोंबलतं बे? जोरानं इचारलं का माणूस खोटं बोलते. हळू इचार." पंचनामा कसा होतो हे ठाऊक असलेला माणूस गावात एकच, म्हणून कोतवालाच्या कामाला त्यांनी सुखदेवलाच घेतलं. तो हसला, "मी कोतवालच हाव, मास्तर. सोंग काय घेऊ?"

त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या गावातही एक सालदार विहिरीत मेला होता. विहीर गावच्या जमीनदाराची, मालगुजाराची. मालगुजारी गेली होती, दरारा गेला नव्हता. पंचनाम्यात 'पाय घसरून' असं लिहिलं गेलं आणि खाली सुखदेवचा अंगठा होता. नाटकातही त्याला तेच म्हणायचं होतं, आणि तालमीत तो ते बिनचूक म्हणे. रंगीत तालमीला मात्र गुरुजींनी एका पोराला ओल्या धोतरात पालथं निजवलं. जाजमं मालगुजाराच्या वाड्यावरून आली होती, म्हणून तो स्वतः समोर खुर्चीत बसला होता. मी हळू विचारलं, "काय पाह्यलं तुम्ही?" सुखदेव त्या ओल्या पाठीकडे पाहत राहिला... मग गुरुजींकडे. "त्याचे हात मांगं बांधले होते, साहेब. गाठ मायाच हातानं सोडली."

निजलेला पोरगा उठून बसला. मालगुजार हसून म्हणाला, "मास्तर, नाटक झकास. हे वाक्य कागदात नसन, गाळून टाका."

"नव्हतं," गुरुजी म्हणाले. "आता लिहून घेतो."

"तुमची मर्जी. जपून जात जा. रस्त्यानं विहिरी लई आहेत."

सकाळी जाजमं परत गेली. नाटक झालं नाही. महिन्याभरात गुरुजींची तळेगावकडे बदली झाली. जाताना ते आमच्या घरी आले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "याले शेतात नका घालू. याले इचारता येते." मला घेऊन ते स्वतः वर्ध्याला कॉलेजात आले. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी वकील झालो तो त्या एका तालमीमुळे. सुखदेव मात्र पुढे कित्येक वर्षं गप्प होता. तो बोलायला तयार झाला, तेव्हाच मी ते पत्र लिहिलं.

गुरुजींच्या मुलाला समोर बसवून सुखदेवने अखेर पोलीस साहेबांपुढे जबानी दिली. इथे सुखदेवचं नाव मी बदललं आहे; गुरुजींचं खरंच ठेवलं. मागच्या आठवड्यात सुखदेवची कडब्याची गंजी जळाली. कोणी लावली, हे गावात कोणी विचारत नाही. तो म्हणतो, "जळू दे. आता काय, बोलून तं बसलो."

माझं पत्र गुरुजींपर्यंत पोचलं होतं. त्यांनी ते वाचून घेतलं आणि बायकोला धोतर धुवायला सांगितलं, असं मुलगा म्हणाला. ते पत्र असं होतं :

"ती. गुरुजींस सा. न.
सुखदेव साहेबांपुढे सांगायला तयार आहे. पण म्हणतो, 'मास्तर समोर बसले तरच तोंड उघडतो. त्या दिवशी बी मी त्यायच्याच तोंडाकडे पाहून बोललो.' त्याला मी माझ्याच घरी ठेवलं आहे. आपली तब्येत बरी नाही हे कळतं, तरी यावं. कोणाला सांगून निघू नये. मोटारीतून उतरल्यावर कोणी ओळखीचा म्हणून घ्यायला आला, तरी त्याच्यासोबत जाऊ नये. मी स्वतः येतो."