गोष्टीसाठी मागून आणलेलं कोकरू

या वहीत शुद्धलेखनाच्या चुका खूप सापडतील, त्या सोडून पुढे वाचावं. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमत नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. अक्षरही वाईट आहे. ओळ सुरू होते सरळ आणि शेवटाला वर चढते. ही वही माझ्या धाकटीची, गणिताची. मागची पानं कोरी राहिली होती. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही, पण वही घरात राहणार आणि घरात वाचणाऱ्या दोन पोरी आहेत, म्हणून आधीच माफी मागून ठेवते.

मला चार लोकांत बोलता येत नाही. चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते सांगायला, उभं केलं की दोन शब्दांत घसा कोरडा पडतो. मनात मात्र सारखं काहीतरी चालू असतं. बाजारात आंधळा माणूस नोट बोटांनी कशी ओळखतो? कोंबडी अंड्यावर बसते तेव्हा तिला कंटाळा येतो का? असलं कुणाला विचारायची सोय नसते. घरात विचारलं तर पोरी हसतात, आणि यांना विचारलं तर हे म्हणतात, "तुला काम कमी पडायलंय."

आमच्या तरुण संघाचं शिबिर दर मे महिन्यात येलदरीला भरतं. धरणाच्या पाण्याजवळ चर्चच्या एका सभासदाचं शेत आहे, तिथं. पाच दिवस. सहावी ते बारावीची तीसेक मुलं-मुली. पत्र्याच्या दोन खोल्या मुलींना, मुलांना मंडप. सहा वर्षं मी तिथं स्वयंपाक केला. शिबिर चालवायच्या पाळकसाहेबांच्या मंडळी. मागच्या उन्हाळ्यात त्या लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला गेल्या, आणि रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, "यंदा शिबिर आपल्या ताई चालवतील." मी मागं वळून पाहिलं, कोण ताई म्हणून. सगळे माझ्याकडेच बघत होते.

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे जिंतूर ते येलदरी दुसऱ्याची जीप चालवतात. म्हणाले, "घरात बोलतीस त्याच्या चार आणे तिथं बोल. पाच दिवस पुरून उरंल."

"मला वाचता कुठं येतंय भराभर?"

थोरली बारावीला आहे. ती म्हणाली, "मम्मी, वाचायचं मी बघते. तू गोष्ट सांग. तुला सांगता येते, आम्हाला सांगायचीस की."

मग तसंच ठरलं. ती वाचायची आणि मी सांगायची. स्वयंपाकाला दुसरी बाई घेतली.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती. ती सगळ्यांना पाठ असते. शंभर मेंढरं असतात, एक हरवतं, मेंढपाळ नव्व्याण्णव रानात ठेवून त्या एकाला शोधायला जातो, ते सापडतं, खांद्यावर घालून घरी आणतो आणि शेजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. माझं सांगून झालं तेव्हा सातवीतली एक पोरगी उठून म्हणाली, "मावशी, नव्व्याण्णव कुणापाशी ठेवली? कुत्री आली म्हणजे?"

बाकीची हसली. मी हसले नाही. हाच प्रश्न मला लहानपणी पडला होता आणि मी तो कधी विचारला नव्हता. चाळीस वर्षांनी तो दुसऱ्या कुणाच्या तोंडून आला. मी म्हणाले, "ठाऊक नाही. विचारून सांगते."

शेजारच्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या. रानाला खत मिळतं म्हणून शेतकरी मेंढ्यांचा कळप चार-सहा रात्री बसवून घेतात आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देतात. बाभळीखाली एक बाई भाकरी थापत होती. वयानं माझ्याएवढीच. तिचा मालक, म्हणजे नवरा, मेंढ्या घेऊन पाण्याकडं गेला होता. लहान कोकरं तेवढी जाळीच्या आत मागं राहिली होती. मी जाऊन उभी राहिले. सरळ गोष्टच सांगितली.

तिनं सगळी ऐकून घेतली. "शंभर व्हती म्हणतीस?"

"हो."

"अन् ह्यो एकटाच गडी?"

"गोष्टीत एकटाच आहे."

"एकटा कसा असंल माय? त्याच्या भाकरी कोण थापत व्हतं?" तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "बायको असंल की. नव्व्याण्णव तिच्यापाशी. सांगणाऱ्याला ती दिसली न्हाई, एवढंच."

मी तिथंच खाली बसले. मग मला राहवेना. विचारलं, "एक कमी आहे हे कळतं कसं? रोज मोजता?"

"मोजायला नोटा हायेत का? तोंडं वळखू येत्यात. तुझ्या पोरांतलं एक न्हाई, हे तुला मोजून कळतं व्हय?"

"मी ताटं मोजते," मी म्हणाले.

ती इतकी हसली की तिला पदरानं डोळे पुसावे लागले. "ताटं मोजती म्हणं! ताट हाय म्हंजे पोरगं हाय!"

तिचं उत्तर मी मुलांना सांगितलं. त्यांना फार आवडलं. मुलींना तर जास्तच. त्याच आनंदात मला एक कल्पना सुचली, आणि ती माझीच होती, दुसऱ्या कुणाची नाही. मुलांना ती गोष्ट नाटक करून दाखवायची होती. मला वाटलं, एक खरं कोकरू कुठंतरी लपवावं आणि मुलांनी ते शोधून आणावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागायला गेले, तेव्हा बाई पहिल्यांदा नको म्हणाली. "मालक बाजाराला गेलाय. त्याला इचारल्याबिगर कसं देऊ?"

"तासाभरात आणून देते."

तिनं पदर खोचला. मग जाळीतून एक कोकरू उचललं. दोन-अडीच महिन्यांचं, पांढरं, कान तेवढे तपकिरी. "हे ने. हे माझं हाय, मालकाचं न्हाई. ह्याची माय मला भावानं भाऊबीजेला दिलेली. मादी हाय, सांभाळ. दोर सोडू नको."

पाण्याच्या बाजूला एक कोरडा ओढा आहे, काठानं बेशरमीची झुडपं. तिथं मी कोकरू बांधलं. बरोबर ती सातवीतली पोरगी होती. ती म्हणाली, "मावशी, हरवलेलं मेंढरू बांधलेलं असतं का?"

खरं होतं. आणि मलाही बघायचं होतं, मोकळं सोडलं तर ते काय करतं. ओरडतं का, जागेवर बसतं का, आईकडं जातं का. मी बाभळीच्या काट्यांच्या फांद्या आणून भोवती लावल्या आणि दोर सोडला. कोकरू उभं राहून माझा पदर चघळत होतं. पदर सोडवून मी मंडपात आले.

मुलांनी आधी एक गाणं म्हटलं. मग कुणीतरी म्हणालं, अजून एक. थोरलीनं दुसरंही म्हणवलं. मग सगळी धावली. पहिलं पोरगं ओढ्यात उतरलं आणि ओरडलं, "न्हाईये!" आम्हाला वाटलं खेळातच म्हणतंय.

काटे एका बाजूनं सरकलेले होते. कोकरू नव्हतं.

त्यानंतर दिवसभर आम्ही तेच केलं. मुलं तीन बाजूंना पांगली. थोरली पाण्याकडं गेली. तिथं मासे धरणारे होते. ते म्हणाले, मघाशी दोन कळप पाणी पिऊन गेले, एक रस्त्यानं गेला, एक टेकाडाकडं. कोकरू कुणी पाहिलं नव्हतं. दुपारी पोरांना जेवायला बसवलं तर निम्मी जेवायला तयार नव्हती. सातवीतली पोरगी रडत होती. मी तिला म्हणाले, "दोर मी सोडला, तू नाही." ते खरंच होतं.

बाईला सांगायला मीच गेले. ती भराभर चालत ओढ्यापर्यंत आली आणि तोंडानं एक आवाज काढला, लांब, उलट्या श्वासानं काढल्यासारखा. तिकडून कळपातल्या त्या कोकराच्या आईनं उत्तर दिलं. दुसरं कुणी दिलं नाही. तिनं तीन-चार वेळा हाक मारली. प्रत्येक वेळी मेंढीच ओरडली.

मग ती माझ्याकडं वळली. शिवी देईल असं वाटलं होतं. म्हणाली, "गोष्टीत ते सापडतं म्हणलीस न्हवं?"

मी परत ओढ्यात उतरले.

संध्याकाळी तिचा मालक बाजारातून आला, तेव्हा आम्ही सगळे तिच्या चुलीपाशीच होतो. तो तिलाच बोलत होता, मला नाही. "गोष्टीपायी दिलंस? गोष्टीपायी?" आणि ती खाली बघून चुलीत काटक्या सारत होती. तिची कळपात तीनच जनावरं होती, तेवढीच तिची स्वतःची. त्यातलं पुढचं वाढणारं मी घालवलं होतं. त्या दिवसापासून ती त्या माणसापुढं खोटी पडली होती, माझ्यामुळं.

मी मध्येच म्हणाले, "किंमत सांगा. मी देईन."

"पाच हजाराला गेलं असतं," तो म्हणाला.

"पाच हजार देईन."

तीस मुलं मागं उभी होती. माझा घसा कोरडा पडला नाही. हे मला नंतर लक्षात आलं.

शिबिराचे पैसे माझ्या कमरेच्या पिशवीत होते. पण ते उरलेल्या दिवसांच्या भाजीपाल्याचे होते. शेवटच्या दिवशी पाळकसाहेब आले, त्यांना सगळं सांगितलं. ते चांगले आहेत. म्हणाले, "ताई, मनाला लावून घेऊ नका. शिबिराच्या खर्चात टाकू."

"कशात धरणार?"

"किरकोळमध्ये."

ते कोकरू किरकोळमध्ये जावं हे मला पटेना. मी नको म्हणाले. घरी हे आधी हसले, मग म्हणाले, "बोलायला लावलं त्याचीच चूक. न्हाई तर तू कधी शब्द देतीस?" पण अडवलं नाही.

पैसे साठवायला नऊ महिने लागले. मी दोन गोधड्या शिवून दिल्या, खुरपणीला गेले, दिवाळीनंतर कापूस वेचला. प्रत्येक वेळी पैसे जमले की माझी थोरली त्या बाईच्या मालकाला फोन लावायची. "आता कुठं बसलात?" आणि मी तिथं जायचे. कधी यांच्या जीपनं, कधी एसटीनं. एकाच जिल्ह्यात राहून मी इतकी गावं पाहिली नव्हती. पावसाळ्यात ते जिंतूरच्या टेकड्यांत होते, मग खाली पाथरीकडं सरकले.

पहिल्यांदा बाराशे दिले. बाईनं मोजले, कमरेला लावले, खाली बस म्हणाली नाही. दुसऱ्यांदा आठशे. तेव्हा बस म्हणाली. मी मेंढीकडं बघत होते. विचारावं की नको असं झालं, पण विचारलं, "किती दिवस ओरडली?"

"तीन दिस. चवथ्या दिवशी चरायला लागली."

"आता आलं तर ओळखील?"

"वासानं वळखती. पर आता वास गेला असंल." तिनं मला चहा दिला. "तुला लय इचारायचं असतं गं. शाळेत मास्तर बेजार झाला असंल."

"शाळेत मी एकही प्रश्न विचारला नाही," मी म्हणाले.

कापसाचे दोन हजार घेऊन गेले तेव्हा तिनं आपणहून विषय काढला. "मी लय इचार केला. ते मेलं न्हाई. कुत्र्यानं धरलं असतं तर लोकर दिसली असती. ते पाणी पिऊन चाललेल्या कळपामागं गेलं. कोकराला पुढं पाय दिसले की ते चालतं. कुणाचे पाय हे बघत न्हाई."

"म्हणजे दुसऱ्याच्या कळपात असेल?"

"असंल की. हितंच कुठंतरी. आपण हरवलो हे त्याला ठाऊक बी नसंल."

हे मी एसटीत बसून घरी येईपर्यंत मनात फिरवत राहिले. गोष्टीत मेंढरू दुःखी असतं, एकटं असतं, म्हणून आपण धरून चालतो. पण ते तसं सांगितलेलं नाही. काय माहीत, त्यालाही खांद्यावर उचललं तेव्हाच कळलं असेल. पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी सांगतो." अजून सांगितलेलं नाही. मला राग नाही. त्यांनाही प्रश्न पडला याचं बरंच वाटलं.

शेवटचे हजार घेऊन गेले तेव्हा कळप पाथरीजवळ उसाच्या मोकळ्या झालेल्या रानात होता. त्या मेंढीला दुसरं कोकरू झालं होतं, चार दिवसांचं, पाय अजून लटपटत होते. बाईनं ते माझ्या मांडीवर ठेवलं. दोर नव्हता. मी दोन्ही हातांनी धरून बसले, ते बघून ती हसली.

"आता पैसं फिटले म्हंजे येणार न्हाईस."

"बोलावलंस तर येईन."

"मी काय फोन लावती व्हय? मला लावता येत न्हाई. तूच लाव."

मी नोटा दिल्या. तिनं मोजल्या आणि या वेळी कमरेला न लावता मालकाला हाक मारली. तो काठी टेकवत आला. तिनं नोटा त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "मोज. माझ्यापुढं मोज." त्यानं दोनदा मोजल्या. मग आधीचे बाराशे, आठशे, दोन हजार असं तोंडानं लावून घेतलं आणि मान हलवली. नोटा त्यानं तिलाच परत दिल्या.

"झाले," तो म्हणाला. "पाच हजार पुरे झाले."