अण्णांचा उजवा डोळा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्या अण्णांना तर नाहीच. सात वर्षं झाली. मग तुम्हाला का सांगतोय? — तुम्ही अण्णांना ओळखत नाही, म्हणूनच असेल. भित्र्या माणसाची हिंमत ही एवढीच.

अण्णा पंचवटीत घड्याळं दुरुस्त करायचे. उजव्या डोळ्याला भिंग लावून बसले की दुकानात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. मी एकदा घड्याळ दाखवायला गेलो आणि टेबलावरची कोंबड्याची पिसं बघून हसलो. तेव्हा कळलं, त्याच चिमट्याने ते गळाला पिसं नि रेशीम गुंडाळून खोट्या माश्या बनवतात. पाण्यावर उतरलेला किडा समजून मासा त्यावर झेपावतो. त्या दिवसापासून मी त्यांचा चेला झालो.

चैत्र सरला की दर रविवारी आम्ही धरणाच्या फुगवट्याला. पाणी मागे हटलेलं, काठाशी चिलापी, झुडपांच्या मुळांशी मरळ, आणि नशीब असेल तर खडकाच्या कडेला महाशीर. या मासेमारीत दोरी पुढे फेकण्याआधी डोक्यावरून मागे जाते — लांब, गळासकट. म्हणून अण्णांचा एकच नियम होता : दोघांत वीस पावलं ठेवायची आणि प्रत्येक फेकीआधी मागे बघायचं. इतक्यांदा सांगायचे की मला वैताग यायचा. मी काय शेंबडं पोर होतो?

वैशाखातला तो रविवार. अण्णांना सकाळपासून दोन चिलापी आणि एक मरळ. मला भोपळा. त्यात त्यांच्यासमोर महाशीर वर आला, त्याची सोनेरी पाठ मी पाहिली. आणि मी सरकू लागलो. एक पाऊल — मग आणखी एक. त्यांचं लक्ष पाण्यावर, त्यांची दोरी हवेत. वीस पावलांची सहा उरली. त्यांचा मासा मला हवा होता, दुसरं काही नाही. मागे न बघता मी दोरी मागे नेली आणि पुढे झटका दिला. ती अडकली. झुडूप असेल म्हणून मी आणखी ओढली.

झुडूप नव्हतं.

अण्णा मटकन खाली बसले, दोन्ही डोळे घट्ट मिटलेले, उजव्या डोळ्यावर हात. दोघांच्या दोऱ्या एकमेकींत गुंतून त्यांच्या अंगावर पडल्या होत्या. बोटांच्या फटीतून मला नारिंगी पिसं दिसली. त्या दिवशी नारिंगी माशी माझ्या दोरीला होती, त्यांची पांढरी. मी कात्रीने माझी दोरी कापली. मग त्यांचीही कापली, टोकाला पांढरी माशी तशीच होती म्हणून. ती कापायची काही गरज होती का? — नव्हती.

त्यांनीच विचारलं, "माझाच गळ ना रे? वारा फिरला वाटतं."

मी म्हणालो, "हो, अण्णा."

दवाखान्यात डोळा वाचला नाही. नर्सने तो गळ कापसात गुंडाळून माझ्या हातात दिला. अण्णांनी स्वतः बांधलेली माशी ती, डाव्या डोळ्याने नुसती पाहिली असती तरी त्यांना कळलं असतं कोणाची. मी बाहेर येऊन ती गटारात टाकली. त्यांनी दोनदा चौकशी केली, मी दोनदा सांगितलं, दवाखान्यातच राहिली. काकू माझा हात धरून रडल्या. "तू होतास म्हणून रे," म्हणाल्या. मी मान डोलावली. लाज वाटली का? वाटली. तरी डोलावली.

वर्षभरात दुकान बंद झालं. डाव्या डोळ्याला भिंग लावून पाहिलं त्यांनी, पण चिमटा स्प्रिंगपाशी नेऊन पुन्हा खाली ठेवायचे. चाळीस वर्षं केसाएवढी स्प्रिंग बसवणारा माणूस, आणि त्याला वाटतं की आपण आपल्याच हाताने आपला डोळा फोडला. डोळ्याला एक वेळ अपघात म्हणता येईल — पण त्या हाताचं काय? तो तर मी रोज, जाणूनबुजून, त्यांच्यापासून काढून घेत आलोय. अजून ते नवख्यांना सांगतात, बघा, शिकवणाराच गाफील राहिला. मी शेजारी बसून चहा पितो.

गेल्या महिन्यात इंदिरानगरला त्यांच्या नातीचं बारसं झालं. लेकीने बाळ त्यांच्यापुढे धरलं. अण्णांनी दोन्ही हात मागे घेतले.

"नको गं. माझ्या हाताचा भरवसा नाही." मग मान वळवून मला शोधलं. "ह्याच्याकडे दे. हा जपून धरील."

मी तिला घेतलं.