करीमभाईची फुंक

आमच्या करीमभाईएवढा येडा माणूस लोहा तालुक्यात दुसरा न्हाई. आणि त्याच्यासारखा ट्रम्पेट वाजवणारा पण दुसरा न्हाई. मी व्यंकटी, त्याच्या बँडात ढोल वाजवतो, मिसरूड फुटल्यापासून. म्हणून त्याला येडं म्हणायचा हक्क मपला. दुसरं कुणी म्हणून तर बघावं, ढोलाची काठी डोक्यात घालीन.

बँड त्याच्या बापाचा. बाप लई कडक. दम वाढावा म्हणून पोराला विहिरीत बुड्या मारायला लावायचा, लवकर डोकं वर काढलं की शिव्या द्यायचा. त्यातून करीमभाईची छाती अशी तयार झाली की नवरदेव घोड्यावरून उतरून मंडपात जाईपर्यंत गडी एकच सूर धरून उभा राहायचा. मुदखेड असो, हिमायतनगर असो, वरातीतल्या म्हाताऱ्या दृष्ट लागू नये म्हणून त्याच्यावरून बोटं मोडायच्या. पुढं डीजे आले, आमचं दिवाळं निघालं, पण ह्याची ऐट काही उतरली न्हाई. "डीजेला जनरेटर लागतो रे व्यंकटी, मला लागतो का?" असं म्हणून छातीवर थाप मारायचा. त्या छातीनंच घात केला, तेच सांगून राहिलो.

करीमभाईचं घर गावाच्या टोकाला, टेकडीखाली. रस्ता रुंद करणाऱ्या ठेकेदारानं टेकडीवर खडीची मशीन बसवली. ती दिवसभर वर दगड भरडती आणि आम्ही खाली त्याचं पीठ खातो. पत्रे पांढरे, तुरी पांढऱ्या, भाकरीचा घास तोंडात टाकला की कचकच. करीमभाई लग्नाच्या सुपाऱ्या घेऊन गावोगाव हिंडणारा. घरात कोण? जाहिदाभाभी. बाई दिवसभर दारात बसून लोकांचे कपडे शिवायची आणि धूळ छातीत भरून घ्यायची. आधी खोकला आला, मग दम लागायला लागला. आता नळावरून घागर आणायची तर वाटेत बसत बसत येती. लोह्याच्या डॉक्टरनं सांगितलं, "धुळीतून निघा." वा रे वा! निघून जायचं कुठं, ते काही सांगितलं न्हाई.

तेवढ्यात ठेकेदाराला अजून एक मशीन पाहिजे झाली, पहिलीपेक्षा मोठी, आणि ती बसणार करीमभाईच्या परसाला लागून. ती बसली तर भाभीचं काही खरं न्हाई, हे शेंबड्या पोराला पण कळत होतं. पण परवानगीच्या आधी लोकांची तब्येत तपासायचा नियम हाय म्हणे. आरोग्यावरील परिणामांचं मूल्यांकन! नाव ऐकूनच माणूस बरा व्हावा. आणि तपासणारे आणले कुणी? ठेकेदारानंच, पगार देऊन. सून कशी नांदती ते विचारायला सासूनंच माणूस धाडावा, तशातली गत.

तरी मला आशा होती. म्हणलं, भाभीचा दम एकदा मोजला की बोलायलाच नको. पण आमचा सरपंच रामलिंगअप्पा! त्यानं तपासणीच्या आदल्या सकाळी पारावर सगळ्यांना जमवलं. "मागच्या साली शेषेरावच्या पोरीचं ठरलेलं लगीन मोडलं. कामून? पोराकडचे म्हणले, तुमचं गाव दमेकरी. आता ही माणसं सगळं लिहून नेणार. खोकणारी माणसं पुढं करू नका, पाव्हण्याकडं पाठवा. गावाची इज्जत हाय."

एकानं विचारलं न्हाई, अप्पा, दुखणं लपवायचं तर मग तपासायचं काय? अप्पाचे टिप्पर त्याच खडीवर चालतात, ते पण कुणाला आठवलं न्हाई. आमच्या गावाला ही खोडच हाय. कुणी वही-पेन घेऊन आलं की आम्ही परीक्षेला बसतो आणि पास व्हायला बघतो. दुपारच्या बसनं निम्मे दमेकरी मुदखेडला रवाना. मागं राहिलेल्यांनी अंगणं झाडली, पोरांना पावडर लावली. जसं काय पोरगी बघायला पाव्हणे येणार होते.

तपासणीवाले आले, एसी गाडीच्या काचा वर करून. त्या दिवशी खडीची मशीन बंद. म्हणे पट्टा तुटला. लई गुणाचा पट्टा बरं का, बरोबर त्याच दिवशी तुटला. पुनम मॅडम म्हणून एक होत्या. तोंडाला मास्क, प्यायला बाटलीचं पाणी. मास्कमधूनच विचारायच्या, "काका, धुळीचा काही त्रास?" आणि आमचे काका लोक खोकला गिळून म्हणायचे, "न्हाई न्हाई, एकदम झकास."

एका घरातून एकाच माणसानं शाळेत जाऊन नळीत फुंकायचं, असं ठरलं होतं. आत किती दम हाय ते यंत्र दाखवतं. भाभी धुतलेली साडी नेसून दारात तयार उभी. म्हणली, "मी जाते. दुखणं मला हाय, मलाच मोजू द्या."

"तू?" करीमभाई म्हणला. "शाळेपर्यंत चालताना चारदा बसशील. लोकांत तमाशा कशाला? मी फुंकतो की."

"अहो, तमाशा होऊ द्या. त्यांना दिसू तर द्या."

मी पण म्हणलं, "करीमभाई, जाऊ दे भाभीला." तर माझ्यावरच डोळे वटारले. बायको आजारी हाय हे त्याला चार लोकांत दाखवायचं नव्हतं, आणि खरं सांगू का, त्याला ती नळी सोडवत नव्हती. इतकी वर्षं वाजवलं, पण त्याचा दम मोजायला कुणी शहरातून आलं नव्हतं.

झालं. आधी बजरंग पैलवान फुंकून आला. मग आमचे उस्ताद गेले. शर्टाचं वरचं बटण उघडलं, ओठ ओले केले, पोटातून दम ओढला आणि नळीत असा सोडला की पुनम मॅडम खुर्चीतून उठल्या. "काका, कमाल आहे तुमची!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. येड्यानं परत एकदा फुंकून दाखवलं आणि वर वाकून सलाम केला. मला तर तिथंच कपाळ बडवून घ्यावं वाटलं. घरी आला तर भाभी तोंड फिरवून बसलेली.

महिन्याभरानं शाळेच्या मैदानात मंडप पडला. जनसुनावणी. नांदेडहून साहेब आले, शाली-नारळ झाले, भोंगे लागले. साहेबांनी अहवाल वाचला. "प्रकल्पाच्या सर्वांत जवळच्या घरातली फुप्फुसांची क्षमता गावात सर्वोत्तम आढळली आहे. सबब दुसऱ्या यंत्राबाबत प्रतिकूल काही दिसत नाही."

करीमभाई आधी हसला. मग 'सबब'च्या पुढचं डोक्यात शिरलं आणि गडी पांढरा पडला. उठून ओरडला, "साहेब, ती फुंक माझी हाय! मी बाजा वाजवतो! माझ्या बायकोला मोजा, दिवसभर तीच राहती तिथं!"

"एका घराचं एकच माप," साहेब म्हणले. "तुम्ही स्वतःच दिलंत ना? जोरजबरदस्ती झाली का?"

"बस खाली, करीम," अप्पा दात ओठ खाऊन म्हणला. "गावाची शोभा करू नको."

तेव्हा बायकांतून जाहिदाभाभी उठली. खुर्च्या धरत धरत माईकपाशी आली. "साहेब," म्हणली, "मी त्या..." आणि तिथंच दम लागला. माईकची दांडी दोन्ही हातांनी धरून बाई उभी, आणि भोंग्यातून सगळ्या मैदानावर तेवढाच आवाज. ओढलेला दम, घरघर, परत ओढलेला दम. परत म्हणली, "साहेब..." पुढं शब्द येईना. मंडपात कुणी कुणाकडं बघेना. ज्यांनी आपली माणसं मुदखेडला पाठवली होती, त्यांनी माना खाली घातल्या.

"ताई, काय ते थोडक्यात सांगा," साहेब म्हणले.

थोडक्यात! तुझ्या थोडक्याच्या...! करीमभाई धावला, त्यानं तिला खांद्याला धरलं. साहेबांनी जरा वेळ वाट बघितली, घड्याळ बघितलं आणि कारकुनाकडं वळले. मी पुढंच बसलो होतो, ह्या कानांनी ऐकलं. "लिहा. एका महिलेस बोलण्याची संधी दिली. त्यांनी काही निवेदन केलं नाही. आक्षेप नाही."

कारकून मान खाली घालून लिहीत होता आणि भाभीची घरघर भोंग्यातून अजून चालूच होती.