समोरासमोरची दारं

पुण्याच्या बिल्डर लोकांवर माझं फार प्रेम आहे, आणि मी पुण्यात राहत होते तेव्हा ते अजिबात नव्हतं. तिथे त्यांचे फलक बघून मी नाक मुरडायची. दुबईत आल्यावर मात्र बर दुबई भागातल्या एखाद्या हॉटेलात त्यांचं प्रदर्शन लागलं, की कुठली साडी नेसायची हे मी आठवडाभर आधीच ठरवायची. घर घ्यायचं नसायचंच. पण एका हॉलमध्ये वाकड, बाणेर, सिंहगड रोड असं सगळं ओळीने मांडलेलं असायचं. टेबलाटेबलावर काचेच्या पेटीत इवलीशी इमारत आणि तिच्या आवारात आगपेटीच्या काडीएवढी नारळाची झाडं. टाय लावलेली मराठी पोरं "काका या, काकू बसा, पाणी घेणार का" म्हणत खुर्च्या पुढे करायची. पुण्यात इतक्या प्रेमाने मला कुणी बसायला सांगितल्याचं आठवत नाही. शिवाय जेवण फुकट.

एका बिल्डरने बाथरूमचा नळ सोबत आणला होता. तो लाकडी फळीवर बसवून आल्यागेल्याला सोडून-बंद करून दाखवायचा, पाण्याशिवाय. आम्हीही वाकून वाकून बघायचो, जणू आता येईलच. दुसऱ्याने बुकिंग करणाऱ्यांसाठी नारळ आणले होते, पण हॉटेलवाल्यांनी गालिच्यावर नारळ फोडायला साफ नकार दिला. मग प्रत्येक जोडप्याच्या हातात नारळ द्यायचा, फोटो काढायचा आणि तोच नारळ परत घेऊन पुढच्या जोडप्याला द्यायचा, असं चाललं होतं.

या प्रदर्शनांना माझ्याबरोबर कायम आपा असायची. आपा म्हणजे दुबईच्या करामा भागातल्या आमच्या घरासमोरच्या घरातली. मूळची दापोलीकडची, माझ्याहून थोडी मोठी, नवरा बंदरावर नोकरीला. आमची बिल्डिंग जुनी, बुटकी. जिना मधे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन दारं, अगदी समोरासमोर. सकाळी दोन्ही दारं उघडायची ती झोपायच्या वेळीच लागायची. मी कांदा चिरता चिरता इकडून बोलायची, ती भाकरी थापता थापता तिकडून उत्तर द्यायची. मधून कुणी जिना चढत असेल तर तोही दोन शब्द टाकून पुढे जायचा. माझी लेक शाळेतून आली की "मम्मा, आय ॲम होम" म्हणून ओरडायची, आणि आवाज समोरच्या घरातून यायचा. आपाकडे आधी जेवून मग ती आमच्याकडे परत जेवायची. डॉक्टरने वजन कमी करायला सांगितलं, तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडे बोट दाखवलं.

मग बिल्डिंगच्या दाराशी नोटीस लागली. बिल्डिंग पाडणार, सगळ्यांनी घरं खाली करा. मी ती वाचली आणि तिथेच, जिन्यात, हमसून हमसून रडले. नवरा म्हणाला, "अगं, भाड्याचंच घर होतं." त्याला काय कळतंय. घराचं दुःख नव्हतंच मला. नळ गळायचा, एसी कण्हायचा. मला समोरचं दार हवं होतं, आणि ते कुठल्याच भाड्याच्या करारात लिहून मिळत नाही.

आपा रडली नाही. ती चहाचा कप घेऊन आली आणि म्हणाली, "ऐक गो. इथलं खलास. पण रिटायर होऊन कधी ना कधी देशात जाणारच ना आपण? तिथे दोन घरं घेऊ. एकाच मजल्यावर, समोरासमोर. म्हातारपणी हेच परत." मला ते इतकं पटलं की रडं जागच्या जागी थांबलं. दोन्ही नवऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि हो म्हटलं. नाही म्हणायची वेळ निघून गेलेली आहे, हे दोघांनाही अनुभवाने कळत होतं.

त्या वर्षी प्रदर्शनाला आम्ही पहिल्यांदाच खरोखरीचं गिऱ्हाईक म्हणून गेलो. काय तो तोरा. मी पर्स काखेत घट्ट धरली होती आणि आपाने ठेवणीतला, सोनेरी काठाचा दुपट्टा घेतला होता. पहिल्याच टेबलावर मी पोराला म्हटलं, "आम्हाला समोरासमोर दारं असलेले दोन फ्लॅट दाखव."

त्याचा चेहरा अभिमानाने फुलला. "मॅडम, काळजीच नको. आमच्याकडे एकाही फ्लॅटचं दार दुसऱ्याच्या दारासमोर येत नाही."

"अरे, यायला हवंय."

"नाही येत, मॅडम. फुल प्रायव्हसी. ब्रोशरमध्ये लिहिलंय."

लिहिलं होतंच, आणि तेही मोठ्या अक्षरात. पुढच्या टेबलावरही तेच. त्याच्या पुढच्याही. पाच हजार माणसं राहतील अशी नगरं बांधली होती लोकांनी, पण एकाला दुसऱ्याचं तोंड दिसू नये याची एवढी खबरदारी की विचारू नका. आर्किटेक्टने डोकं खाजवून खाजवून दारं वळवली होती. कुणी वास्तुशास्त्र सांगत होतं, कुणी प्रायव्हसी. एकाने तोडगा काढला, "मॅडम, बाहेर कॅमेरा लावून देऊ. समोर कोण आहे ते तुम्हाला मोबाइलवर दिसेल." आपा म्हणाली, "मोबाइलवरून कोथिंबीर देता येते का रे?" दुसऱ्याने विचारलं, "तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी का?" माझ्या कपाळावर रुपयाएवढी टिकली, आपाच्या डोक्यावर दुपट्टा. आपा अगदी गंभीरपणे म्हणाली, "हो, सख्ख्या." त्याने एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "तरीच. नाक सेम आहे." तिथून हसत सुटलो, ते थेट पाण्याच्या टेबलापर्यंत. आपाच्या डोळ्यांतून पाणी, मला ठसका, आणि नवरे लांब उभे राहून आम्हाला ओळखत नसल्यासारखे वाकडचा भाव दिरहममधून रुपयांत करत बसलेले.

आणि मग एका मोठ्या स्टॉलवर सापडलं. चौथा मजला, लिफ्टच्या उजवीकडे चारशे एक, डावीकडे चारशे दोन, दारं समोरासमोर. नकाशात कोपरा अडचणीचा होता म्हणून तसं झालं होतं. मी त्या पोराचा गालगुच्चाच घ्यायची बाकी होते. त्याने दोन फॉर्म काढले. माझं नाव लिहिलं. आपाचं नाव लिहिलं. आडनावापाशी त्याचं पेन जरा थबकलं. "एक मिनिट हं" म्हणून तो मागे बसलेल्या सीनियरकडे गेला, आणि परत आला तेव्हा त्याचं लक्ष स्वतःच्या टायकडे होतं.

"मॅडम, चारशे दोन होल्डवर आहे. चारशे एक मिळेल."

"आत्ता तर मोकळा होता."

"आत्ताच होल्डवर गेला."

माझा राग नाकावर असतो हे माझ्या माहेरी-सासरी सगळ्यांना ठाऊक आहे, आता त्या हॉललाही कळलं. मी म्हटलं, "नाव वाचायच्या आधी मोकळा होता की नाही, तेवढं सांग." पोरगं टाय चाचपत राहिलं. सीनियर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेला. मी माझ्या फॉर्मचे तुकडे केले आणि ते त्यांच्या काचेच्या पेटीवर, त्या नारळाच्या झाडांच्या बरोबर वर ठेवले. मला रडू येत होतं आणि भयंकर लाज वाटत होती. ती लाज खरं म्हणजे त्या सीनियरला वाटायला हवी होती, पण ती माझ्याच वाट्याला आली होती.

आपाने माझं कोपर धरलं. "चल. गुलाबजाम संपतील."

"तुला काहीच वाटत नाही?"

"तुला आज कळलं गो. मला कधीपासून माहितीये. म्हणून तर मी नाव शेवटी सांगते." मग माझ्या ताटात तिने स्वतःच्या हाताने गुलाबजाम वाढले, आणि मी नाक ओढत ओढत सगळे खाल्ले.

जेवण झाल्यावर घरी निघालो होतो. हॉलच्या दाराजवळ, जिथे कुणी थांबत नाही अशा कोपऱ्यात, एक टेबल होतं. काचेची पेटी नाही, टाय नाही. चिपळूणचा एक बिल्डर आणि शेजारी त्याची बायको, कोकमाचं सरबत घेऊन. सरबत दिसलं म्हणून आपा थांबली. मी नुसतंच विचारायचं म्हणून विचारलं. तो माणूस ओशाळला.

"खोटं कशाला सांगू ताई. आमची दारं समोरासमोरच आहेत. जुना नकाशा, जिना मधे, दोन बाजूंना दोन घरं. त्यामुळेच एक मजला विकायचा अडकून पडलाय."

आम्ही दोघी एकदम हसलो. त्याला वाटलं, आम्ही त्याची थट्टा करतोय. घाईघाईने म्हणाला, "थोडी भिंत फोडली की दार बाजूला सरकवता येतं. मी माझ्या खर्चाने करून देतो."

"नको," आम्ही दोघी इतक्या जोरात ओरडलो की त्याच्या बायकोच्या हातातलं सरबत सांडलं. "दाराला हात लावायचा नाही," आपा म्हणाली. "हबीबी, एक वीट हलली तरी व्यवहार खलास."

मग नावं सांगायची वेळ आली. या वेळी आपाचं नाव-गाव मीच आधी सांगितलं, आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. त्याने पेन खाली ठेवलं. "दापोलीत नेमकं कुठे?" त्याने विचारलं. आपाने सांगितलं. "म्हणजे मशिदीच्या अलीकडे, की खाडीच्या बाजूला?" झालं. ते दोघं कुणाच्या मामाची बोट, कुणाच्या आत्याची आंब्याची बाग, कोण कुणाच्या लग्नात किती जेवलं, यात असे काही शिरले की बाहेर येईनात. फॉर्म शेवटी त्याच्या बायकोने भरले.

माझा नवरा हळूच म्हणाला, "पण चिपळूणला आपलं आहे कोण?" आपाचा नवरा दिवसभरात पहिल्यांदाच बोलला, "मी आहे की." माझ्या नवऱ्याचा पुढचा प्रश्न पुराबद्दल होता. बिल्डरने बिल्डिंग चढावर असल्याचं तिथल्या तिथे टेबलाची एक बाजू उचलून दाखवलं. उरलेलं सरबत आमच्या अंगावर सांडलं. त्या दिवशी मला कशाचंही हसू येत होतं.

एक गोष्ट मात्र त्या धांदलीत आम्हा कुणाच्याच डोक्यात आली नाही. आपाच्या नवऱ्याची नोकरी संपत आली होती, माझ्या नवऱ्याची बरीच बाकी होती. करामा सुटलं. आम्ही शारजाला, अल मजाज भागात आलो. उंच टॉवर, खाली खालिद लगूनचं पाणी, आणि दाराला असं यंत्र की ते आपोआप लागतं, उघडं म्हणून राहत नाही. घरं तयार झाली आणि आपा नवऱ्याबरोबर चिपळूणला गेली, माझ्या दाराच्या कुलपासमोर राहायला. विमानतळावर ती म्हणाली, "मी काय तुझं कुलूप बघत बसू का?" मी माझी किल्ली तिच्या हातात दिली. दुसरं काही सुचलंच नाही.

आता रोज सकाळी ती स्वतःचं दार उघडते आणि मग माझं. दोन्ही सताड. वारा आरपार जातो म्हणते. कांदा चिरताना माझ्या रिकाम्या घराशी बोलते आणि संध्याकाळी फोनवर तक्रार करते की मी उत्तर देत नाही. परवा वरच्या मजल्यावर नवीन बाई राहायला आल्या. रोज उघडं दार बघून त्यांनी विचारलं, समोर कोण राहतं, कधी दिसत नाहीत.

"मग काय सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं, बाजारात गेलीय. येईल इतक्यात."