पप्पांचा पंप आणायला गेलो तेव्हा
अंबरनाथ एमआयडीसीतला तो आंबूस वास आला की मला पप्पांचा खोकला ऐकू येतो. तिथल्याच एका केमिकल कंपनीत त्यांची छाती खराब झाली, तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. एकाच खोलीत दिवसभर तो खोकला ऐकून माझं डोकं बधिर व्हायचं. एका दुपारी त्यांचा तोंडाने ओढायचा औषधाचा पंप संपला. तो आणायला मी त्यांची मोटरसायकल काढली, पंप घेतला आणि घरी न वळता बदलापूरच्याही पुढे मोकळ्या रस्त्याला लागलो. हेल्मेटमध्ये फक्त वारा होता. सांगायला जड जातं, पण तासाभराने मी ताजातवाना होऊन परतलो. पप्पा दारात धापा टाकत बसले होते. "मेडिकलला गर्दी होती," मी म्हणालो. पंप ओढून झाल्यावर त्यांनी इंजिनाजवळ हात नेला. "गर्दीत उभी गाडी एवढी तापते काय रे?" मी किल्ली खिशात घातली. ते म्हणाले, "जात जा. मी पण शिफ्ट सुटल्यावर सरळ घरी यायचो नाय. फक्त आधी औषध देऊन जा." त्याच वर्षी ते गेले. आता त्या रस्त्याला गेलो तर घाई कसलीच नसते, तरी बदलापूरच्या अलीकडे चिखलोली आली की मी गाडी परत घराकडे वळवतो.