खसखशीवर थापलेले अनारसे

लेकीच्या लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना आला आणि जावई बहरीनला. मग तेहतीस अनारसे कराडच्या घरी थापून तळले, स्टीलच्या डब्यात भरले आणि टुरिस्ट व्हिसा काढून मीच निघाले. जावई मला तसे पसंत नव्हते. तिथल्या सित्रा भागातल्या एका कंपनीत नोकरी, बोलणं मोजकं आणि हसणं त्याहून कमी. अधिकात जावयाला देव मानून सासूनं वाकून नमस्कार करायचा असतो. तेवढं माझ्याच्यानं व्हायचं नाही, दान देईन आणि मोकळी होईन, असं लेकीला फोनवरच बजावलं होतं.

विमानतळावर माझी बॅग कुणी उघडली नाही. दुसऱ्या दिवशी जावयांना सुट्टी होती. आधी शहर बघायचं, मग मनामाच्या जुन्या बाजारातल्या मंदिरात दान द्यायचं असं ठरलं. सनद भागातल्या त्यांच्या घरून निघालो. मी पुढच्या सीटवर, डबा मांडीवर, लेक मागे. समुद्राकाठी काचेच्या उंच उंच इमारती, दोन मनोऱ्यांच्या मधे चक्क पवनचक्क्या. मी मान वर करून बघत होते, तेवढ्यात लेक म्हणाली, "आई, अनारसे तिळावर थापलेस ना?"

"तिळावर कशाला? चांगली खसखस घेतली की."

जावयांनी गाणं बंद केलं.

"आई, इथे खसखशीला बंदी आहे," लेकीचा आवाज बारीक झाला. "अफूत धरतात. तुला सांगायचं राहूनच गेलं माझं."

"अनारशाला कोण अफू म्हणेल?"

"पकडणारा म्हणेल."

माझं काय, म्हातारीला फार तर परत पाठवतील असं वाटलं. पण गाडी जावयांची, घर जावयांचं. त्यांची नोकरी गेली तर लेकीचा संसार माझ्या हौसेपायी उठणार होता. मघाचं देखणं शहर आता बघवेना. मॉलच्या दारातला गणवेशातला रखवालदारसुद्धा माझ्याच डब्याकडे बघतोय असं वाटायला लागलं. कचऱ्याच्या पेटीत टाकू म्हटलं, तर जावई म्हणाले, "कॅमेरे आहेत. घरी जाऊ." आणि गाडी वळवली.

पुढच्याच सिग्नलला मोटारसायकलवरचा पोलीस शेजारी आला. त्यानं माझ्याकडे, मग खाली बघितलं आणि गाडी बाजूला घ्यायची खूण केली. मागे लेक रडायला लागली होती.

जावयांनी गाडी थांबवली आणि माझ्याकडे हात पुढे केला. "आई, डबा द्या इकडे. आजच द्यायचे होते ना? दिले म्हणा."

"अहो, पण—"

"दिले म्हणा, आई."

"दिले," मी म्हणाले. त्यांनी डबा उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात त्यावर ठेवून बसले.

पोलिसानं माझ्या बाजूच्या काचेवर टकटक केली. जावयांनी बटण दाबून काच खाली घेतली. "मम्मा, साडी बाहर," पोलीस हिंदीत म्हणाला आणि दाराकडे बोट केलं. माझा अर्धा पदर दारात अडकून रस्त्यावर लोंबत होता. मी दार उघडून तो आत ओढला. "यल्ला, चलो," म्हणत तो निघून गेला.

घरापर्यंत डबा जावयांच्या मांडीवरच होता. घरी गेल्यावर ते स्वयंपाकघरात उभे राहिले आणि एकेक अनारसा पाण्यात कुस्करून सिंकमध्ये सोडायला लागले. शेवटचा अनारसा गेला, त्यांनी हात धुतले आणि ते मागे वळले, तेव्हा मी खाली वाकले होते.