मिलवॉकीचा भोगवटा

अमेरिकेतल्या शहरांना पास-नापास करण्याचा अधिकार जगात एकाच माणसाकडे होता, आणि तो माणूस अमेरिकेत कधी पाऊलही न ठेवता आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावात, आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. शेजारच्या डॉक्टरीणबाईंचे हे वडील. आम्ही त्यांना काका म्हणत असू. सांगलीकडच्या एका नगरपालिकेत बांधकाम निरीक्षक म्हणून त्यांची उभी हयात गेलेली. दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी लेकीकडे आले, मार्चमध्ये विमाने बंद पडली आणि काका इथेच अडकले. माझी बायको त्यांच्या लेकीबरोबर इस्पितळात, मी घरून कॉम्प्युटरवर काम करणारा. म्हणजे दिवसभर त्यांच्या तावडीत सापडायला मी एकटाच. पहिल्याच भेटीत नमस्कार राहिला बाजूला, त्यांनी आमच्या बैठकीच्या भिंतीवर बोटाची पेरे ठोकली. आतून ढब् असा आवाज आला. "भिंत हाय का पुठ्ठा? खिळा जरा जोरात मारलासा तर तुमचा कोट आमच्या घरात लटकंल की!" मग खिशातून दोरीला बांधलेला, भिंत सरळ आहे का ते पाहायचा पितळी ओळंबा काढून त्यांनी दाराच्या चौकटीला लावला आणि चौकट दोन सूत, म्हणजे पाव इंच, बाहेर असल्याचे जाहीर केले. मी हादरलो. त्या घरात मी चार वर्षे सुखाने झोपत होतो.

घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला सरकारची बंदी होती, त्यामुळे काकांचा ड्रोहेडा पंधरा दिवसांत तपासून संपला. जुन्या दगडी वेशीला शंभरपैकी अठ्ठावन्न, नदीवरच्या रेल्वेच्या उंच पुलाला साठ. साठाच्या वर गुण द्यायचा त्यांचा रिवाज नव्हता. आता हा माणूस पुन्हा आमच्या चौकटीकडे वळणार या भीतीने मी त्यांना माझा जुना लॅपटॉप दिला आणि बाण दाबत दाबत जगातल्या कुठल्याही रस्त्यावरून कसे हिंडता येते ते दाखवले. काका थेट अमेरिकेत घुसले. "लई बाता ऐकल्यात त्यांच्या. तपासायला नकोत व्हय?" न्यूयॉर्कला अठ्ठेचाळीस: इमारती एकमेकींच्या उन्हात उभ्या, दोन इमारतींमध्ये सामासिक अंतर म्हणून कुणी सोडलेलेच नाही. बोस्टनची वीट चांगली, पण गल्ल्या वाकड्या. सॅन फ्रान्सिस्कोला एवढ्या उतारावर घरे सरळ ठेवल्याबद्दल पाच गुण वाढीव. लास व्हेगासला शून्य. "ह्ये बांधकाम न्हवं, गणपतीची आरास हाय. धाव्या दिवशी काढायची." हे सगळे एका वहीत शाईने लिहिले जाई. एकदा मी मागच्या अंगणात चहा घेऊन गेलो तर काका बागेतल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पडद्यासमोर ओळंबा धरून बसलेले. माझे तोंड उघडेच राहिले. "शिकागो कललंय," ते गंभीरपणे म्हणाले. मी टेबलाच्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. शिकागो सरळ झाले आणि त्याला दोन गुण जास्त मिळाले. "आजोबा, इट्स ग्रँड!" त्यांची आठ वर्षांची नात खिडकीतून ओरडली. "ग्रँड म्हंजे किती? आकड्यात सांग," आजोबा म्हणाले.

या वहीत एकच शहर कोरे होते. मिलवॉकी. नावापुढे फक्त 'तपासणी शिल्लक'. वर्ष उलटले, होनोलूलूसुद्धा तपासून झाले, पण मिलवॉकी शिल्लकच. एकवीसच्या मे महिन्यात मी आपला भाबडेपणाने म्हणालो, "काका, आज मिलवॉकी उरकून टाकू या," आणि ते नाव टाइप करू लागलो. काकांनी लॅपटॉप फाडकन मिटला. माझी बोटे थोडक्यात वाचली. चहा अर्धा टाकून ते आत गेले. चहा अर्धा टाकणारे काका मी तोवर पाहिले नव्हते. मला तर धक्काच बसला.

संध्याकाळी कुंपणापाशी त्यांच्या लेकीने सांगितले. तिचा धाकटा भाऊ आर्किटेक्ट. गावात त्याने पहिलीच इमारत बांधली, एक मंगल कार्यालय, आणि तपासायला आले ते वडीलच. मंजूर नकाशापेक्षा जिना चार इंच अरुंद निघाला. अण्णांनी, म्हणजे आमच्या काकांनी, भोगवटा प्रमाणपत्र नाकारले. ते नसले की इमारत वापरता येत नाही. आख्ख्या गावादेखत जिना फोडून नवा करावा लागला. त्यानंतर भाऊ अमेरिकेला गेला तो मिलवॉकीला राहिला. बारा वर्षे झाली. "दिवाळीला फोन करतो. तब्येत बरी ना, बरी. एवढंच. अण्णांचं चुकलं नव्हतं हो, आणि तेच तर वाईट आहे," ती म्हणाली.

आठ दिवसांनी काका आपण होऊन लॅपटॉप घेऊन आमच्या अंगणात आले. "काढा त्ये गाव." पत्ता तोंडपाठ होता. बाण दाबत मी एका कोपऱ्यावर पोहोचलो. विटांचे दुमजली वाचनालय, पुढे मोठे झाड. वाचनालय त्यांच्या मुलाने बांधलेले. काकांनी ओळंबा उचलला, पण तो काही केल्या स्थिर होईना. वारा पडलेला होता. मी कोपर धरले. ओळंबा थांबला. भिंत दोरीत होती, अगदी सरळ.

"जिना दिसत न्हाई," ते म्हणाले.

"आत जाता येत नाही, काका. विचारावं लागेल."

मी त्यांच्या लेकीला हाक मारली. तिने भावाला व्हिडिओ कॉल लावून फोन काकांच्या हातात दिला. पडद्यावर कानशिलांवरचे केस पांढरे झालेला एक माणूस आला आणि वडिलांना पाहून घाबरला. "अण्णा? काय झालं?" कसा आहेस नाही, जेवलास का नाही. काकांनी थेट विचारले, "वाचनालयाचा जिना किती रुंद हाय?"

मी डोळेच मिटून घेतले. आता हा फोन ठेवणार, अशी माझी खात्रीच झाली होती.

"पाच फूट चार इंच," मुलगा म्हणाला. "पाच पुरले असते. चार जास्त ठेवले, अण्णा."

काकांनी फोन लेकीकडे दिला, वहीचे पान फाडले आणि कधीच घाईत न लिहिणारा तो माणूस घाईघाईने लिहू लागला. मिलवॉकीला गुण मिळाले नाहीत. पानावर होते: सदर इमारत तपासली. वापरास योग्य आहे. भोगवट्यास परवानगी देण्यात येत आहे. खाली सही, निवृत्त निरीक्षक. बारा वर्षे उशिरा निघालेला तो कागद मिलवॉकीच्या पत्त्यावर मीच पोस्टात टाकला. पाकीट जड लागले म्हणून मी चाचपले, तर आत ओळंबा होता. एवढा मी लास व्हेगासच्या शून्यानेही चकित झालो नव्हतो.

काका गावी परतायच्या आदल्या दिवशी आम्ही नदीकाठी फिरायला गेलो. रेल्वेच्या पुलाखाली येताच सवयीने त्यांचा हात खिशात गेला, तिथे रिकामा घुटमळला आणि बाहेर आला. मग एक डोळा मिटून त्यांनी पुलाच्या खांबाकडे नुसतेच पाहिले. "बरोबर असंल," ते म्हणाले. 'असेल' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. आता घरात भिंत ठोकणारे कुणी नाही. आमची चौकट अजून दोन सूत बाहेरच आहे. सुतार येतो म्हणाला होता, मीच नको म्हटले.